चाल : जुनी

वही आखीव कागदाची आहे आणि तिची पाठ लाल कापडाची आहे. पाने कडेने तपकिरी झाली आहेत, मधल्या काही पानांना कसर लागली आहे आणि बोट लावले की कोपऱ्याचा भुगा होतो. शाई मात्र अजून काळी आहे. अक्षर घोटीव, मोडी गिरवलेल्या हाताने मुद्दाम सावकाश काढलेल्या बाळबोधीसारखे. प्रत्येक पदाच्या डोक्यावर छंदाचे नाव आहे, कुठे दिंडी, कुठे साकी, कुठे ओवी, कुठे आर्या. त्याच्यापुढे, जवळजवळ प्रत्येक पानावर, तेच दोन शब्द आहेत : ‘चाल : जुनी’.

ही वही आमच्या ठाण्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा जन्म अलिबागच्या इस्राएल आळीतला, आणि ही वही त्यांच्या वडिलांनी तरुणपणी कीर्तनासाठी उतरून काढलेली. माझे वडील पेणला कीर्तनकारांना पेटीची साथ करीत असत आणि त्यांच्या मांडीशी बसून मी थोडीफार पेटी शिकले, एवढे आजींना ठाऊक होते. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांनी मला बोलावले, वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “पोरी, शब्द सगळे आहेत. गाता मात्र येत नाहीत. तुझ्या पेटीतून निघतात का बघ.”

मी वाचू लागले. ते आख्यान अब्राहामाचे होते. दिंडीत, साकीत आणि ओवीत, आपल्या नारदीय कीर्तनाच्या सगळ्या सरंजामासह, तोरातली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली, कथा चालली होती. देवाने अब्राहामाकडे मुलाचा बळी मागितला आणि बाप-लेक मोरिया देशाच्या डोंगराकडे निघाले. उत्तररंगाची, म्हणजे कीर्तनातल्या आख्यानाच्या भागाची, जी बांधणी मी लहानपणी ध्रुव-प्रल्हादाच्या आख्यानांत ऐकली होती, तीच ही बांधणी होती. मला एका क्षणात पेणच्या देवळातला सभामंडप आठवला, आणि त्याच क्षणी हेही जाणवले की मराठी कीर्तनाविषयी आपल्याला सगळे ठाऊक आहे असे मानून मी इतकी वर्षे वावरत होते.

आजींच्या बेने इस्राएल समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, परंपरागत कथा कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, लोकांना माहीत आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात पसरला. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र ते घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. ज्या गावी राहिले त्या गावावरून त्यांची आडनावे पडली : किहीमकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर. ग्रंथ हरवले, हिब्रू हरवली, पण शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना एवढे राहिले. बाकी सगळे, म्हणजे बोलणे, भांडणे, ओव्या, शिव्या, अंगाई, मराठीत झाले.

मला सर्वांत अधिक ओढ लागली ती त्यांच्या सणांच्या नावांची. आजींनी ती मला एका दुपारी वालाचे बिरडे सोलता सोलता सांगितली आणि मी हातातले काम सोडून लिहून घेतली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर काही दिवसांनी खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून लोक घरात बसत आणि बाहेरच्या कुणाला शिवत नसत. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तो होळीच्या आसपास येतो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा उपास तो बिरड्याचा सण, कारण उपास सोडताना पानात वालाचे बिरडे असायचे. आणि वल्हांडण, म्हणजे पेसाख, तो अनाशी ढाकाचा सण. आनस म्हणजे आंबट रस साठवायचे भांडे, आणि ते आठ दिवस झाकून ठेवायचे. खमिराचा निषेध का, मिसर म्हणजे इजिप्त देशाच्या गुलामीतून कोण निघाले, रात्रीत पीठ फुगायला वेळ का मिळाला नाही, यांतले काहीही स्मरणात उरले नव्हते. पण या दिवसांत आंबट भांड्याला हात लावायचा नाही, एवढे त्या घरांतल्या बायकांच्या हातांनी लक्षात ठेवले. मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. कथा विसरली गेली, तरी झाकण मात्र पिढ्यान्‌पिढ्या वेळेवर पडत राहिले.

आज ही नावे सहसा कुणी वापरत नाही. आजींच्या घरातसुद्धा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोश हशाना, योम किप्पूर, पेसाख असेच लिहिलेले असते. ‘दारफाळणी’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो तो आपल्या आजीचे बोलणे सांगताना.

ही नावे कशी गेली ते समजून घेतल्याशिवाय वही कळत नाही. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेले ज्यू शिक्षक आणि मुंबई-कोकणातले ख्रिस्ती मिशनरी या दोन दिशांनी हिब्रू पुन्हा या समाजाकडे आली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या हग्गादेतल्या एका चित्राची प्रतिकृती मी पाहिली आहे. त्यात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करत आहेत, लाटणाऱ्या लाटत आहेत आणि भाजणाऱ्या भाजत आहेत. पाठ वाकवून बसण्याची त्यांची ढब इतकी आपली आहे की हे चित्र पापडाच्या वाळवणाचे आहे असे सांगितले असते तरी मी मानले असते.

म्हणजे त्या पिढीला आपली कथा मराठीतून परत मिळाली. अनाशीचे भांडे का झाकायचे, याचे उत्तर त्यांनी मराठीत वाचले. वाचता येणारे थोडे होते आणि ऐकणारे पुष्कळ. मग १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्राएल मंडळींनी जे केले ते मला फार मोठे वाटते. शेजारच्या आळीत, चौकात, देवळात रात्र रात्र चालणारे कीर्तन त्यांनी उचलले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचून ती मराठीत उभी केली. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यांच्यातले नावाजलेले कीर्तनकार. कीर्तनातून मूर्ती वगळली, पण पेटी वगळली नाही, छंद वगळले नाहीत, श्रोत्यांना मध्येच सामील करून घेण्याची रीत वगळली नाही. जी कथा आपली असूनही आपल्याला परकी झाली होती, ती आपल्याच बोलीत ओळखीची करून घेण्यासाठी हे कीर्तन जन्माला आले. आज आपण ज्याला जतन करण्याजोगा वारसा म्हणतो, तो मुळात जतनाचाच एक उद्योग होता, आणि तो करणारे लोक विद्वान कमी आणि कारकून, शिपाई, शिक्षक, सुतार अधिक होते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ नंतर घरांमागून घरे इस्राएलला गेली. लोद, रामला, दिमोना, अश्दोद, बेर्शेबा या गावांत कोकणी आडनावांच्या पाट्या लागल्या. तिथे गेल्यावर पहिली काही वर्षे सुखाची नव्हती. १९६० नंतरच्या काळात धर्मगुरूंनी विवाहाच्या वेळी यांच्या वंशाची चौकशी करण्याचे ठरवले, तेव्हा आपण खरोखर ज्यू आहोत का हे कुणा परक्याला पटवून देण्याची वेळ यांच्यावर आली. समाजाने चळवळ केली, आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे स्पष्ट केले. आजींचे मोठे भाऊ तेव्हा लोदला होते. ते पत्रात लिहीत की मुलांशी आम्ही घराबाहेर मराठी बोलत नाही. त्या वाक्यात लाज होती असे मला वाटत नाही. ज्याच्या कुळाचा पुरावा मागितला जातो, तो आपल्या अंगावरची परकी वाटणारी प्रत्येक खूण झाकू लागतो. या लोकांची सर्वांत मोठी खूण मराठी होती. तरी ती सरसकट गेली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत राहिले, मेंदीच्या रात्री मराठी गाणी होत राहिली, मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेतले जात राहिले. पण आजींच्या भावाच्या नातवंडांना मराठी कळते ती स्वयंपाकघरापुरती : ये, बस, जेवलास का, पुरे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसे येऊन या वहीची छायाचित्रे काढून गेली होती. काम त्यांनी नेटके केले, पांढरे हातमोजे घातले, पाने हलक्या हाताने उलटली. पण दोन तास बसून त्यांच्यापैकी कुणीही आजींना एकदासुद्धा विचारले नाही की यांतले काही तुम्हाला म्हणता येते का. आजींना ते लागले. छायाचित्रे नकोत असे मी म्हणणार नाही, कारण कसर कुणासाठी थांबत नाही. पण ‘चाल : जुनी’ या दोन शब्दांचे छायाचित्र काढून ती चाल कशी मिळणार? ते दोन शब्द लिहिणाऱ्याने ज्या विश्वासाने लिहिले, त्या विश्वासातच सगळे आले. ऐकणाऱ्याला चाल येते, सांगायची गरज नाही, आणि कायम येत राहील, असे त्याने धरून चालले होते. आपणही आपल्या घरात रोज असे पुष्कळ काही धरून चालतो.

आम्ही दिंडीपासून सुरुवात केली, कारण दिंडी मला येत होती. चरणाला एकोणीस मात्रा, नवव्या मात्रेवर थांबा, शेवटी दोन गुरू, आणि वडिलांकडून ऐकलेली पेणची सरळ चाल. पहिला चरण शाबूत होता :

बाप लेकाचा हात धरुन चाले

तो पेटीवर बसवताच आजी एकदम ताठ बसल्या. दुसऱ्या चरणाचा बहुतेक भाग कसरीने खाल्ला होता, आणि शेवटचे एक ‘ले’ तेवढे राहिले होते. आजींना शब्द आठवेनात, पण प्रसंग आठवत होता. वडील आख्यान सांगताना या जागी थांबत, उपरण्याची घडी करून ती मोळीसारखी छोट्या श्रोत्याच्या पाठीवर ठेवत आणि मग मुलगा बापाला विचारतो तो प्रश्न येई : लाकडे आहेत, विस्तव आहे, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? ते छोटे श्रोते बहुधा आजीच असत. घडी केलेल्या उपरण्याचे वजन अजून पाठीवर आहे, असे त्या म्हणाल्या.

आम्ही तो चरण जुळवायला बसलो. माझ्या पहिल्या दोन ओळींत मात्रा जास्त झाल्या. तिसरीत यमक जुळले, पण ‘विस्तव’ बसेना. शेवटी आजीच म्हणाल्या, “विस्तव राहू दे. पोराला पाठीवरचे ओझे आधी दिसेल.” आणि संध्याकाळच्या दिवेलागणीच्या वेळी ओळ झाली :

लाकडे दिसती, कोकरू न आले

मी मात्रा मोजल्या. नऊ आणि दहा. आम्ही ती ओळ वहीत पेन्सिलीने लिहिली, शाईने नाही. कोणती अक्षरे वडिलांची आणि कोणती आपली, हे पुढे कळले पाहिजे, असा आजींचा आग्रह होता.

लोदला असलेला भावाचा नातू तेवीस वर्षांचा आहे आणि तो सुरेल गातो. आजींनी त्याला फोनवर ही दिंडी शिकवायची ठरवले. दर शुक्रवारी सकाळी, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी, दूरध्वनीच्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसे आणि आजी एकेक शब्द सांगत. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून तो शब्द हिब्रू अक्षरांत उतरून घेई. एकदा त्याने कागद पडद्यासमोर धरला आणि मला त्यातले एक अक्षर समजावून सांगितले. आपल्या ‘चाल’मधला, ‘चाकू’मधला जो दंत्य ‘च’ आहे, ज्याच्यासाठी आपल्या लिपीत वेगळी खूण नाही आणि जो पुष्कळ अमराठी माणसांना आयुष्यभर नीट म्हणता येत नाही, त्या ‘च’साठी हिब्रूत नेमके अक्षर आहे. त्याचे नाव त्सादी. त्याने ‘चाले’ हा शब्द पहिल्याच खेपेला असा म्हटला की शेजारच्या खोलीत कुणी कोकणातला माणूस बसला असावा. ‘चिमणी’मधल्या तालव्य ‘च’ला मात्र त्याला त्सादीच्या डोक्याशी एक टिंब-रेघ द्यावी लागली. ‘ध’साठी त्याने दोन अक्षरे जोडली. ‘ळ’साठी काहीच नव्हते. ‘डोळा’ शब्द पुढच्या साकीत आला तेव्हा तो सहा वेळा ‘डोला’ म्हणाला. सातव्या वेळी आजींनी आपले तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेऊन जीभ टाळूला कशी लावायची ते दाखवले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तोंड उघडून जिभेचे टोक दाखवते आहे आणि अडीच हजार मैलांवर एक दाढीवाला तरुण तोंड उघडून तिची नक्कल करतो आहे, हे मी त्या दिवशी पाहिले. ‘ळ’ निघाला. पूर्ण नाही, पण निघाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की वाहन तेच राहिले आहे आणि त्यातला माल बदलला आहे. त्याच्या खापरपणजोबांच्या पिढीला मराठी येत होती आणि अब्राहामाची कथा येत नव्हती, म्हणून त्यांनी कथा दिंडीत घातली. या मुलाला अब्राहामाची कथा लहानपणापासून पाठ आहे, ती त्याने शाळेत मूळ हिब्रूत वाचली आहे, आणि मराठी येत नाही. ओळीचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला शब्द शिकवावे लागतात, कथा नाही. ‘कोकरू’ म्हणजे काय, हे आजींनी त्याला सांगितलेच नाही. त्या जागी दुसरे काय असणार, हे त्याला कळले. कथेच्या आधाराने तो भाषेत उतरतो आहे. भाषा शिकवण्याची कितीतरी पुस्तके मी वर्गात वापरली आहेत, पण इतकी सोपी वाट मला कधी सापडली नव्हती.

अर्थात एक मुलगा दिंडी म्हणू लागला म्हणून बोली वाचली असे होत नाही, आणि आजीही तसे समजत नाहीत. घरात भांडायला, भाजी निवडायला, पैशांचा हिशेब करायला जी भाषा वापरली जात नाही, ती केवळ गाण्याने जिवंत राहत नाही. कुलाब्याच्या बेने इस्राएलांची ती खास वळणाची मराठी बोलणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. पण एकट्याने शब्दांची यादी पाठ करणे आणि चार जणांत उभे राहून गाणे, यांत एक फरक आहे. चार जणांत गाताना चूक होते, आणि चूक ऐकणारा कुणी जवळ असेल तर तो गप्प बसत नाही.

गेल्या वर्षी त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाआधी त्यांच्या घरी मलिदा झाला. पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा यांचे ताट आणि भोवती फळे मांडून प्रार्थना झाली. ती संपल्यावर त्याने सर्वांसमोर दिंडी म्हटली, आणि त्याचे ध्वनिमुद्रण रात्री आजींना पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी मला हाक मारली. मी पेटी घेऊनच खाली गेले.

मुद्रणात पहिला चरण आमच्याच चालीत आहे, माझ्या वडिलांच्या पेणच्या चालीत. मुलगा ‘चाले’वर येतो तोच मागून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज येतो, “नाही, नाही. असे नव्हते.” मराठीत. क्षणभर शांतता, मग कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि मग तो म्हातारा गाऊ लागतो. चाल वेगळी आहे. खालच्या सुरात सुरू होते, नवव्या मात्रेवर आमच्यासारखी थांबत नाही, तर ‘हात धरुन’ दोनदा घेऊन, जरा वर चढून, मग ‘चाले’वर सावकाश उतरते. बापाचे पाऊल जड झाले आहे, हे त्या उतरण्यात ऐकू येते. आजींनी माझे मनगट पकडले. “हीच,” त्या म्हणाल्या. “हीच ती.” तो कोण होता, हे अजून नीट कळलेले नाही. नवरदेवाकडचा कुणी दिमोनाहून आलेला पाहुणा होता, आणि रात्रीच परत गेला, एवढेच नातवाने सांगितले.

तो दुसरा चरणही म्हणतो. पण तेवढ्यात मलिद्याच्या बशा फिरू लागल्या असाव्यात. बशांचा, चमच्यांचा, लहान मुलांच्या हिब्रू बोलण्याचा आवाज मध्ये येतो आणि त्याचे शब्द त्याखाली बुडतात. आम्ही तो भाग बावीस वेळा ऐकला. कानाला लावून ऐकला, आवाज वाढवून ऐकला, खिडक्या लावून ऐकला. शेवटचा शब्द ‘आले’ आहे, याबद्दल दोघींची खात्री आहे. त्याच्या आधी काय आहे, ते कळत नाही.

मी वहीतल्या ‘चाल : जुनी’ या शब्दांच्या वर, समासात, त्या चालीचे स्वर लिहिले. आजी म्हणाल्या, हे शाईने लिही. खालची आमची ओळ अजून पेन्सिलीतच आहे. दिमोनाचा पत्ता मिळाला की फोन लावायचा आहे, आणि शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी लावायचा आहे, कारण शुक्रवारी साकीचा अभ्यास असतो.